बाटली आपली, नळही आपलाच

यंदाच्या भीमजयंतीची मिरवणूक रात्री उशिरा विहारापाशी येऊन संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सात-आठ जणी झाडू घेऊन रस्त्यावर उतरलो. पताका होत्या, फुलांच्या पाकळ्या होत्या, सरबताचे पेले होते. पण सगळ्यांत जास्त होत्या पाण्याच्या बाटल्या. लिटरच्या मोठ्या आणि हातात मावणाऱ्या छोट्या. निम्म्या बाटल्यांत पाणी तसेच शिल्लक. दोन घोट घेतले आणि टाकून दिली. आमची चार पोती भरली.

झाडता झाडता शेजारची एक उपासिका बऱ्या दिसणाऱ्या बाटल्या बाजूला काढत होती. मी विचारले, तर म्हणाली, "सिस्टर, टाकायच्या कशाला? घरी नेऊन विसळते. दोन पोरांना शाळेत होतील, एक ह्यांना साइटवर न्यायला. मिनरल पाण्याची बाटली आहे, स्वच्छच असते."

तिचे मन चुकीचे नव्हते. वस्तू वाया घालवू नये हे आपल्याला आपल्या आयांनी शिकवले आहे. पण मी पालिकेच्या रुग्णालयात वर्षानुवर्षे पावसाळ्यातले वॉर्ड पाहिलेले आहेत. जुलाबाने डोळे खोल गेलेली मुले, काविळीने पिवळे पडलेले तरुण, एका खाटेवर दोन-दोन पेशंट आणि बाहेर व्हरांड्यात सलाईनच्या बाटल्या टांगलेल्या. त्यामुळे तिला तिथेच रस्त्यावर 'हो' म्हणता आले नाही. तिला द्यायचे उत्तर या पानावर देते, कारण तिच्यासारखा विचार करणारी घरे आपल्या वस्त्यांत पुष्कळ आहेत.

माझे म्हणणे थोडक्यात असे. घरातल्या प्रत्येक माणसाची आपली स्वतःची, हात किंवा ब्रश आत जाईल अशी, रोज धुता येणारी बाटली हवी. विकतची बाटली अडचणीच्या वेळेपुरती. आणि बाटली कितीही चांगली घेतली, तरी ती भरण्यासाठी दारात शुद्ध पाण्याचा नळ मागायचे आपण सोडायचे नाही.

फेकायची बाटली पुन्हा का भरू नये

त्या बाटलीचा तळ उलटा करून बघा. त्रिकोणात १ हा आकडा असतो. याचा अर्थ ती 'पेट' नावाच्या प्लास्टिकची आहे. हे प्लास्टिक एकदा वापरून भंगारात देण्यासाठी केलेले असते. व्हॉट्सअॅपवर अधूनमधून संदेश फिरतो की अशा बाटलीतले पाणी प्यायले की कॅन्सर होतो. तसे सिद्ध झालेले नाही आणि तशी भीती मी घालणार नाही. बाटली उन्हात तापली तर प्लास्टिकमधले अँटिमनीसारखे घटक पाण्यात थोडे जास्त उतरतात, हे प्रयोगांत दिसले आहे. म्हणून टपरीबाहेर उन्हात ठेवलेली बाटली घेऊ नये, एवढे नक्की.

पण आपल्या घरासाठी खरा धोका वेगळा आहे. ती बाटली नीट धुताच येत नाही. तोंड अरुंद, आत हात जात नाही, ब्रश जात नाही. उकळते पाणी घातले तर बाटली आकसून वाकडी होते. मग आपण काय करतो? थोडे पाणी घालून खळखळवतो आणि म्हणतो, धुतली. तोंड लावून पाणी प्यायले की आपल्या तोंडातली लाळ, अन्नाचे कण आणि जंतू बाटलीत जातात. आत ओलावा आणि ऊब. चार-आठ दिवसांत आतल्या बाजूला बुळबुळीत थर धरतो. तुमच्या घरात अशी जुनी बाटली असेल तर चमच्याच्या दांड्याने आतून खरवडून बघा, हाताला लागेल. हा थर नुसत्या विसळण्याने निघत नाही. त्यात बाटली पोराने वर्गात फिरवलेली, चार मित्रांनी तोंड लावलेली, शौचाहून आल्यावर न धुतलेल्या हाताने तिचे झाकण उघडलेले. जुलाब, टायफॉइड आणि काविळीचा मार्ग हाच आहे, हातातून आणि पाण्यातून तोंडात. त्यातली 'ई' प्रकारची कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते.

रस्त्यावरून उचललेल्या बाटलीबद्दल तर प्रश्नच नको. ती कोणी तोंडाला लावली होती, कुठे पडली होती, आपल्याला माहीत नसते.

सीलबंद म्हणजे शुद्ध?

"मग रोज नवी बाटली घेऊ," असे म्हणणारेही आहेत. लग्नात, वाढदिवसाला, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमालाही आता बाटल्यांचे बॉक्स येतात. पाहुण्याला तांब्या-पेला दिला तर कमीपणा वाटतो.

पुण्याचे उदाहरण आठवा. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता भागात गिया बारे, म्हणजे जीबीएस या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. हातापायांतली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते, असा हा आजार. त्याचा संबंध दूषित पाण्याशी लागला. त्या वेळी महापालिकेने पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा खासगी आरओ प्लँटच्या पाण्याचे नमुनेही पिण्यास अयोग्य निघाले आणि असे अनेक प्लँट बंद करावे लागले. लोक मात्र पैसे मोजून, हे पाणी नळापेक्षा चांगले असे समजून जार भरून नेत होते. आपल्या कार्यक्रमांना येणारा थंड पाण्याचा जार पुष्कळदा असाच असतो. त्याला सील नाही, परवाना क्रमांक नाही, जार कधी घासला याचा पत्ता नाही.

सरकारच्या अन्न सुरक्षा यंत्रणेने, एफएसएसएआयने, २०२४ मध्ये बाटलीबंद पाणी जास्त जोखमीच्या पदार्थांच्या यादीत घातले. याचा अर्थ प्रत्येक बाटली वाईट असा नाही. पण सील आहे म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवण्यासारखी ती वस्तू नाही, एवढे त्यातून कळते. शिवाय वापरलेल्या बाटल्या गोळा करून साधे पाणी भरून पुन्हा विकण्याचे उद्योग स्टेशनांवर आणि एसटी स्टँडवर पकडले गेले आहेत. म्हणूनच बाटलीवर लिहिलेले असते की वापरल्यावर चुरगाळून टाका.

बाटलीच्या प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात येतात, हेही आता मोजले गेले आहे. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये तिथल्या बाटलीबंद पाण्यात एका लिटरमागे सरासरी सुमारे २ लाख ४० हजार कण मोजले. शरीरावर त्यांचा परिणाम किती, यावर अजून संशोधन चालू आहे. पण रोज वीस रुपये देऊन ते विकत घेण्याचे आपल्याला काही कारण नाही.

वीस रुपयांचा हिशेब करून बघा. कामावर जाणाऱ्या माणसाने रोज लिटरची एक बाटली घेतली, महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तर पाचशे रुपये होतात. वर्षाचे सहा हजार. साधी एकपदरी स्टीलची बाटली दोन-अडीचशे रुपयांत येते आणि सांभाळली तर वर्षानुवर्षे जाते. एका माणसाच्या पंधरा दिवसांच्या बाटल्यांत ती वसूल झाली. उरलेल्या पैशात मुलांची वह्या-पुस्तके येतात.

कोणती बाटली घ्यावी

पहिली पसंती स्टीलची, रुंद तोंडाची. थर्मासारखी दोन पदरी महागडी बाटली घ्यायलाच हवी असे नाही. पाणी गार राहावे म्हणून साध्या बाटलीला ओले फडके किंवा जुना मोजा चढवला तरी काम भागते. माठाला ओले फडके गुंडाळतो तसेच.

लहान मुलांना स्टील जड होत असेल तर जाड प्लास्टिकची बाटली चालेल, पण तळाच्या त्रिकोणात ५ हा आकडा बघा. ते प्लास्टिक पुन्हा पुन्हा वापरण्यासाठी असते आणि कोमट-गरम पाण्याने धुता येते. त्यातही नळी-स्ट्रॉ, बटण, दोन-दोन झाकणे अशी सजावट जितकी जास्त तितकी घाण अडकायच्या जागा जास्त. कार्टूनपेक्षा तोंडाची रुंदी बघून घ्या.

तांब्याच्या बाटलीची सध्या फार चलती आहे. साध्या पाण्यासाठी ती वापरायला हरकत नाही, पण तिच्यात लिंबू सरबत, ताक, कोकम असे आंबट काही घालू नका. आंबटाने तांबे पाण्यात उतरते आणि मळमळ, उलट्या, पोटदुखी होते. चमत्कार म्हणून ती घ्यायची असेल तर पैसे वाचवा.

धुणे हेच खरे औषध

बाटली स्टीलची घेतली आणि धुतलीच नाही, तर ती फेकायच्या बाटलीपेक्षा बरी राहत नाही. हे मी स्वतःच्या घरात शिकले. मुलाची स्टीलची बाटली महिनाभर फक्त विसळली जात होती. एक दिवस झाकणातली रबरी रिंग काढून पाहिली, तर खाली काळी बुरशी. रुग्णालयात भर ड्यूटीत लोकांना स्वच्छता शिकवणारी मी, आणि माझ्याच घरात ही गत.

म्हणून रोज रात्री, जेवणाची भांडी घासताना, बाटल्याही त्याच ढिगात घ्या. उरलेले पाणी झाडाला ओता. भांड्याच्या साबणाने आणि लांब दांड्याच्या ब्रशने आतून घासा. झाकण वेगळे घासा, आटे घासा. आठवड्यातून एकदा रबरी रिंग काढून तीही घासा, आणि बाटलीत गरम पाणी व दोन चमचे खाण्याचा सोडा घालून रात्रभर ठेवा, सकाळी खंगाळून घ्या. मग बाटली उपडी ठेवून, झाकण न लावता पूर्ण वाळू द्या. ओल्या बाटलीला झाकण लावून ठेवली की जंतूंना रात्रभर घर मिळते.

हे काही नवीन शहरी ज्ञान नाही. भिक्खूच्या आठ परिष्कारांत, म्हणजे त्याच्याजवळ असायच्या आठ वस्तूंत, भिक्षापात्र आहे आणि पाणी गाळण्याचे फडके, परिस्सावन, हेही आहे. संघाच्या विनयात पात्र ओले ठेवू नये, वाळवून ठेवावे असा नियम आहे. ज्याच्याजवळ मोजून आठ वस्तू आहेत, त्यानेही आपले भांडे रोज धुऊन-वाळवून वापरायचे आणि पाणी गाळूनच प्यायचे, अशी शिस्त अडीच हजार वर्षांपूर्वी घालून दिलेली आहे. आपण विहारात वंदना घेतो तेव्हा ही शिस्तही आपलीच आहे, हे लक्षात ठेवावे.

आणि बाटली धुण्याचे काम फक्त घरातल्या बाईचे नाही. सहावीच्या पुढच्या मुला-मुलीने आपली बाटली आपण घासावी. साइटवरून आलेल्या कर्त्या माणसाने आपली आपण घासावी. ज्याची बाटली त्याचे हात, असा नियम करा.

बाटलीत जाणारे पाणी

नळाच्या पाण्यात पालिका क्लोरीन घालते. पण आपल्या वस्तीत नळाची पाइप गटारातून जाते, पाणी दोन तास येते आणि बाकी वेळ पाइप रिकामी असते. रिकाम्या पाइपला भेग असेल तर बाहेरची घाण आत ओढली जाते. म्हणून पाणी आल्यावर सुरुवातीचे गढूळ पाणी धुण्या-भांड्याला घ्या, स्वच्छ आल्यावर पिण्याचे भरा. चौपदरी सुती फडक्याने गाळा. पावसाळ्यात, किंवा गल्लीत कुणाला जुलाब-कावीळ झाल्याचे कळल्यावर, पाणी उकळा. खळखळून उकळी फुटली की एक मिनिट पुरे, गॅस जाळत बसायची गरज नाही. तेवढाही गॅस परवडत नसेल तर आरोग्य केंद्रातून क्लोरीनच्या गोळ्या किंवा द्रावण मागून घ्या, लिहिलेल्या प्रमाणात घाला आणि अर्धा तास थांबून प्या. पिण्याचे पाणी झाकून ठेवा, पेला बुडवू नका. ओगराळे किंवा नळ असलेले पिंप वापरा. पाणी उकळले आणि हात बुडवला, तर उकळण्याचा खर्च वाया गेला.

लिटरची बाटली घरात असण्याचा आणखी एक फायदा सांगते. मुलाला जुलाब सुरू झाले आणि ओआरएसचे पाकीट जवळ नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा आणि घोट घोट पाजत दवाखान्यात न्या. माप चुकायला नको. मीठ जास्त झाले तर अपाय होतो. लिटरच्या बाटलीने पाण्याचे माप तरी बरोबर राहते. हे पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यायचे.

पाणी प्या, पण बायकांनी प्यावे कसे?

बाटली कशी असावी हे सगळे जण सांगतात, ती रिकामी होते का हे कोणी विचारत नाही. आपल्या घरकाम करणाऱ्या, झाडू मारणाऱ्या, भाजी विकणाऱ्या बाया सकाळी भरलेली बाटली संध्याकाळी तशीच घरी आणतात. कारण साधे आहे. दिवसभर लघवीला जायला जागा नाही. पाणी प्यायचे नाही, म्हणजे जावे लागणार नाही. परिणाम मी वॉर्डात पाहिले आहेत. लघवीला जळजळ, ताप, पुन्हा पुन्हा होणारा संसर्ग, मुतखडे. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' नावाने बायांनी मोफत, स्वच्छ मुताऱ्यांसाठी चळवळ चालवली, ती याच दुखण्यावर. आपल्या महिला मंडळांनी पाण्याच्या अर्जासोबत मुतारीचाही अर्ज लिहावा. बाटली आणि मुतारी या एकाच आरोग्याच्या दोन बाजू आहेत.

किती पाणी प्यावे, याचे एकच माप सगळ्यांना लागू नाही. लघवी फिकट पिवळी असेल तर पुरते आहे, गडद असेल तर कमी पडते आहे. उन्हात काम करणाऱ्याने तहान लागायची वाट बघू नये, दर वीस मिनिटांनी पेलाभर घ्यावे. किडनीच्या आणि हृदयाच्या पेशंटने मात्र डॉक्टरांनी सांगितले असेल तेवढेच प्यावे.

आपापली बाटली आणि जुना प्रश्न

आता जे लिहिते आहे ते लिहिल्याशिवाय हे पान पुरे होणार नाही.

बाबासाहेबांच्या शाळकरी वयातली गोष्ट आपल्याला पाठ आहे. शाळेत नळ होता, पण त्याला हात लावायची त्यांना मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान. पुढे १९२३ मध्ये बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले, महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तसा ठरावही केला, तरी तळ्यावर जाता येत नव्हते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर लोकांची डोकी फोडण्यात आली, तळ्याचे 'शुद्धीकरण' केले गेले आणि खटला चालत राहिला. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. त्या माणसांनी घरून पाणी भरून नेले असते तर त्यांची तहान भागली असती. पण प्रश्न तहानेचा नव्हता, सार्वजनिक पाण्यावरच्या हक्काचा होता.

म्हणून मी आपापली बाटली ठेवा म्हणते तेव्हा ते आरोग्यासाठी म्हणते. पण तिच्या आडून जुनी गोष्ट मागच्या दाराने येत नाही ना, हेही बघायला सांगते. आपल्या कितीतरी बहिणी घरकामाला जाताना बाटली नेतात, कारण मालकिणीच्या घरी त्यांच्यासाठी वेगळा पेला आहे, किंवा पाणी मागितले की चेहरा बदलतो. अशा घरात बाटली स्वाभिमान राखते, पण अपमान झाकतेही. शाळेतही तेच. "मुलांनी घरूनच पाणी आणावे," अशी सूचना शाळा देते, तेव्हा शाळेची टाकी कधी धुतली, नळ चालू आहे का, सगळी मुले त्याच नळाचे पाणी पितात का, हे पालकसभेत विचारायचे. मुलाच्या दप्तरात बाटली असू द्या, पण शाळेच्या नळाला आपल्या मुलाचा हात लागलाच पाहिजे.

वस्तीतही हेच सूत्र. बाटलीबंद पाणी जितके सहज मिळते, तितकी नळाची मागणी मवाळ होते. मुंबईत वस्तीतल्या अधिकृत नळजोडणीला हजार लिटरमागे दहा रुपयांहूनही कमी दर पडतो. दुकानातली लिटरची बाटली वीस रुपयांची. ज्याला जोडणी नाही तो गरीब माणूस टँकरवाल्याला, पाइपवाल्याला, जारवाल्याला कितीतरी पटीने जास्त पैसे देतो. डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि झोपडी अनधिकृत आहे म्हणून माणसाचे पाणी तोडता येत नाही. संविधानाचे कलम २१ त्यामागे आहे. हा निकाल आपल्या प्रत्येक मंडळाच्या फाइलीत असायला हवा. गढूळ पाणी आले की वॉर्ड ऑफिसात लेखी तक्रार द्या, नमुना तपासायला सांगा, पोच घ्या. चार घरांनी जार लावून प्रश्न मिटवला, तर पाचव्या घराची तक्रार एकटी पडते.

कचरा वेचणाऱ्या बहिणींचे काय?

मंडळाच्या बैठकीत एका कार्यकर्त्याने मला विचारले, "बाटल्या बंद केल्या तर आपल्याच कचरावेचक बायांच्या पोटावर पाय नाही का?" प्रश्न रास्त आहे. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. कचऱ्यात पेट बाटलीला भाव मिळतो हेही खरे. पण आपण बाटल्या कमी केल्याने शहरातल्या बाटल्या संपणार नाहीत. हॉटेले, ऑफिसे, गाड्या रोज ढिगाने टाकतात. आपण एवढे करायचे की घरात आलेली बाटली रिकामी करून, चुरगाळून, कोरडी वेगळी ठेवायची आणि थेट त्या बहिणीच्या हातात द्यायची. गटारातून उचललेल्या बाटलीपेक्षा तिला ती बरी. तिचे पोट आपल्या उकिरड्यावर नव्हे, तर रीतसर मजुरीवर, हातमोज्यांवर आणि ओळखपत्रावर चालावे, यासाठी बोलायचे.

विकतची बाटली कधी घ्यावी, हेही सांगून टाकते. परगावी पाण्याची खात्री नसताना, पुराच्या वेळी, साथीच्या दिवसांत उकळायची सोय नसताना. अशा वेळी पैसे वाचवायला जाऊन आजार घेऊ नका. फक्त झाकणाचे सील अखंड आहे का, एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक आणि तारीख आहे का, ते बघा.

पुढच्या जयंतीला

१६ एप्रिल २०२३ ला खारघरला भर उन्हात झालेल्या सरकारी कार्यक्रमात उष्माघाताने १४ माणसे गेली. आपली जयंतीही एप्रिलातच असते, म्हाताऱ्या आया आणि कडेवरची मुले मिरवणुकीत असतात. तेव्हा पाणी कमी करा असे मी म्हणत नाही. पाणी भरपूर ठेवा, बाटल्या कमी करा.

आमच्या मंडळापुढे मी ठेवलेला प्रस्ताव असा. पत्रिकेवर आणि निळ्या फलकावर लिहायचे, "आपली बाटली घेऊन या." विहाराच्या दारात आणि मिरवणुकीसोबतच्या हातगाडीवर नळ लावलेली, झाकणाची, घासून घेतलेली पिंपे ठेवायची. पाणी पालिकेचे, क्लोरीन घातलेले. बाटली विसरलेल्यांसाठी स्टीलचे पेले आणि ते साबणाने धुणारे चार कार्यकर्ते. वाचलेल्या पैशांतून वस्तीतल्या शाळकरी मुलांना स्टीलच्या बाटल्या. सहा डिसेंबरला दादरला जातानाही तेच. शिवाजी पार्कवर पालिका पाण्याची सोय करते, तिथे आपली बाटली भरून घ्यायची.

बैठकीत कोणी म्हणाले, पिंपापाशी एक माणूस उभा करू, तो सगळ्यांना जगने वरून पाणी ओतून देईल. मी नको म्हटले. आपल्या माणसांना वरून ओतलेले पाणी पुष्कळ दिवस प्यावे लागले आहे. पिंपाला नळ लावू, ज्याने त्याने हात धुऊन तो आपल्या हाताने सोडावा.

त्या शेजारणीला मी परवा एक लांब दांड्याचा ब्रश नेऊन दिला. रस्त्यावरून आणलेल्या बाटल्या तिने चुरगाळून कचरावेचक ताईला दिल्या. तिच्या ह्यांची स्टीलची बाटली पगार झाला की घ्यायची आहे. तोवर माळ्यावरचा जुना स्टीलचा फिरकीचा तांब्या घासून काढला आहे. साइटवर तो चांगला चालतो.

जय भीम.